कॅप लावूनही स्किड स्टियरचे कपलर का जातात? चिखल, काळी माती आणि अटॅचमेंट बदलण्याची ती दोन मिनिटं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. सोलरच्या साईटवर काळ्या रानात स्किड स्टियर (पुढचं अवजार, म्हणजे अटॅचमेंट, बदलता येणारं छोटं लोडर) चालतंय, दिवसातून तीन-चार वेळा बकेट काढून ऑगर (खड्डे पाडायचा मोठा स्क्रू), ऑगर काढून ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) असा खेळ असतो, पावसाळा लागल्यापासून हायड्रॉलिकचे तीन कपलर गेले तेही डस्ट कॅप लावून, आणि आता ऑगर बसवताना खालच्या लॉकच्या पिना पूर्ण जात नाहीत म्हणून ऑपरेटर लिव्हरवर हातोडी मारतो. तुम्ही विचारलंय की कॅप कुठल्या कंपनीच्या चांगल्या.

कॅपवर येतोच, पण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ती हातोडी आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपण "कपलर" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक ती लोखंडी प्लेट जिच्यावर अटॅचमेंट अडकतं, आणि दुसरी हायड्रॉलिक होजच्या टोकाची जोडणी, मेल-फिमेल. दोन्हीचा शत्रू चिखलच, पण हायड्रॉलिकमध्ये चिखल गेला तर खिशाला फटका बसतो, आणि प्लेटमध्ये चिखल बसला तर माणूस जाऊ शकतो. भरलेली बकेट किंवा ऑगर उचललेल्या आर्मवरून सुटून पडलं तर खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही.

प्लेटचं काम कसं होतं ते नीट बघा. मशीनची प्लेट पुढे झुकवून तिची वरची धार अटॅचमेंटच्या वरच्या ओठाखाली घालायची, मग प्लेट मागे ओढली की अटॅचमेंट जमिनीवरून उचललं जातं आणि त्याची खालची बाजू प्लेटला चिकटते, मग दोन लिव्हर दाबले (किंवा बटन दाबलं) की खालून दोन पाचरीसारख्या पिना अटॅचमेंटच्या खालच्या पट्टीतल्या भोकांतून आरपार उतरतात. ही रचना आता जगभर जवळपास सारखीच आहे, आयएसओ २४४१० नावाचं मानकच आहे त्याचं, म्हणून एका कंपनीचं अटॅचमेंट दुसऱ्याच्या मशीनवर बसतं. आता गंमत अशी की ती खालची पट्टी म्हणजे एक आडवी फळीच आहे. अटॅचमेंट रानात टाकून ठेवलं की पाऊस, चिखल, बारीक खडी, सगळं त्या फळीवर साचतं. वरून प्लेट येऊन त्यावर बसते आणि काळी माती तिथे दाबली जाऊन विटेसारखी होते. अर्धा इंच चिखल असेल तर प्लेट अर्धा इंच वर राहते आणि पिन भोकाच्या तोंडाशीच थांबते. ऑपरेटरला वाटतं लिव्हर जाम झालाय, म्हणून तो हातोडी मारतो, लिव्हर कसाबसा बसतो, आणि पिन भोकात फक्त टोकाने अडकलेली असते.

पुढचं अजून वाईट. पिन पाचरीच्या आकाराची असते ती मुद्दाम, झीज झाली तरी ढिलाई खाऊन घ्यावी म्हणून. पण तिने चिखलाच्या थराला घट्ट पकडलेलं असतं, लोखंडाला नाही. तासभर ऑगर थरथरला की तो थर भुगा होऊन गळून जातो, आता प्लेट आणि अटॅचमेंटमध्ये फट, मग टकटक टकटक आवाज, मग भोकं लांबट व्हायला लागतात. एकदा भोकं लांबट झाली की वेल्डिंग करून परत भरेपर्यंत ते अटॅचमेंट कधीच घट्ट बसत नाही. "ऑगर हलतोय" म्हणून माझ्याकडे जी अटॅचमेंटं येतात त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच असते.

तर हातोडी आजपासून बंद. तिच्या जागी कॅबच्या बाहेर दोन क्लिपांत अडकवून एक खरवडणी ठेवा, जुन्या लीफ स्प्रिंगचा दीड-दोन फुटी पट्टा घेऊन एक टोक ग्राईंडरने चपटं केलं की झालं. बसवण्याआधी ऑपरेटरने खाली उतरून चार जागा खरवडायच्या: अटॅचमेंटचा वरचा ओठ आतून, खालची फळी, दोन्ही भोकं (आरपार उजेड दिसला पाहिजे), आणि मशीनच्या प्लेटवर पिना जिथून बाहेर येतात ती जागा. आणि बसवून झाल्यावर परत उतरून डोळ्यांनी बघायचं की दोन्ही पिना पट्टीच्या खाली बाहेर आल्यात. कॅबमधून बटन दाबलं, आवाज आला, म्हणजे लॉक झालं असं समजू नका, सिलिंडर हललेला असतो, पिन भोकातून गेली की नाही हे त्या बटनाला माहीत नसतं. बकेट असेल तर पुढे झुकवून तिची धार जमिनीवर दाबून बघायची, हलली नाही तर ठीक. हे सगळं आर्म खाली असताना. आर्म वर उचलून खाली डोकं घालून चिखल काढणारे मी बघितलेत, आर्मचा सपोर्ट लावल्याशिवाय तिथे हातसुद्धा घालायचा नाही.

पिनांच्या स्प्रिंगला आणि पिव्होटला ग्रीस मारायचं, पण मारून झाल्यावर बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायचं. आपल्याकडे ग्रीस जितकं बाहेर ओघळलेलं दिसेल तितकी सर्व्हिसिंग भारी अशी एक समजूत आहे. बाहेरचं ग्रीस म्हणजे मुरमाच्या धुळीला आमंत्रण, दोन दिवसात त्याची व्हॉल्व घासायची पेस्ट होते.

आता हायड्रॉलिक. इथेच तुमचे पैसे जातायत.

हल्लीच्या बहुतेक स्किड स्टियरवर फ्लॅट फेस कपलर असतात, आयएसओ १६०२८ वाले, ज्यांचं तोंड नाण्यासारखं सपाट असतं. जुन्या पॉपेटवाल्या (पुढे व्हॉल्वचं टोक दिसणाऱ्या) कपलरला पुढे खोबण असायची, त्यात माती बसली की बोट घालूनही निघायची नाही आणि काढताना प्रत्येक वेळी तेल सांडायचं. फ्लॅट फेस आणलाच त्यासाठी की तोंड सपाट असलं म्हणजे एका फटक्यात पुसता येतं. हे वाक्य परत वाचा, कारण लोक अर्धंच ऐकतात. सपाट तोंड आपोआप स्वच्छ राहत नाही, ते पुसायला सोपं असतं एवढंच. पुसलं नाही तर ते जुन्या कपलरइतकंच वाईट.

कारण जोडताना होतं काय, मेलचं तोंड फिमेलच्या तोंडावर टेकतं आणि दोन्ही मिळून आत सरकतात. दोन तोंडांच्या मध्ये जे काही असेल ते तसंच्या तसं आत जातं. मग इंजिन सुरू करून ऑक्झिलरी (अटॅचमेंटला तेल देणारी लाईन) चालू केली की मिनिटाला ६० ते ९० लिटर तेल, २०० बारच्या आसपास प्रेशरने, त्याच जागेतून धावतं आणि तो चिमूटभर चिखल धुऊन पुढे घेऊन जातं. जोडलेल्या अवस्थेत दिवसभर कपलर चिखलात बुडाला तरी आत सहसा काही जात नाही, सील असतात. घाण आत जाते ती जोडण्याच्या त्या दहा सेकंदांत, आपल्याच हाताने. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर कॅपच्या कंपनीत नाही, बदलाबदलीच्या दोन मिनिटांत आहे, आणि अटॅचमेंट रिकामं पडलेलं असताना ते कसं पडलंय त्यात आहे.

आणि ती घाण जाते कुठे? लोकांना वाटतं फिल्टर आहे ना. फिल्टर साधारण रिटर्नला असतो. प्रेशरच्या कपलरवरची माती आधी अटॅचमेंटच्या मोटरमधून जाते, मोटर घासते, आणि मग रिटर्नने येऊन फिल्टरला भेटते. म्हणजे फिल्टर मशीनला वाचवतो, ऑगरच्या मोटरला नाही. ऑगर तर उलटाही फिरवतो आपण, म्हणजे दोन्ही बाजूचे कपलर आळीपाळीने मोटरच्या तोंडाशी. आणि काळी माती दिसायला मऊ म्हणून फसू नका. तिच्यातले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनच्याही खालचे असतात, पण तिच्यात मिसळलेली बारीक पोयटा-वाळू २ ते ६३ मायक्रॉनची असते, आणि हायड्रॉलिक मोटरमधल्या फटी याच मापाच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे जे कण मोटर खातात त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. "मी बघितलं, स्वच्छ होतं" याला म्हणून फार अर्थ नाही, दिसलं नाही तरी पुसायचं.

कशाने पुसायचं हाही प्रश्न आहे, आणि यात मी स्वतः बरीच वर्षं चूक केली. आम्ही सगळे कॉटन वेस्ट वापरायचो, दुकानात किलोवर मिळतं, स्वस्त. एकदा एका ब्रेकरचा कपलर सारखा थेंब थेंब गळत होता, सील दोनदा बदललं, तरी गळतोच. तिसऱ्यांदा खोलला तेव्हा भिंगाखाली धरला तर ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) खाचेत एक पांढरा धागा आडवा पडलेला, कॉटन वेस्टचा. मातीचा कण नाही, मीच पुसताना सोडलेला धागा. तेव्हापासून मी जुनी, धुतलेली, मऊ झालेली बनियनं कापून वीतभराचे तुकडे करतो, त्याचे धागे सुटत नाहीत. ते तुकडे कॅबमध्ये एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, मिठाईचा असतो तसा. डबा महत्त्वाचा. सीटखाली कोंबलेल्या, आधी डिपस्टिक पुसलेल्या, मग हात पुसलेल्या फडक्याने कपलर पुसणं म्हणजे न पुसलेलं बरं.

पुसायची रीतही सांगतो. आधी कॅप काढायच्या आधी कॅपच्या भोवतालचा चिखल काढायचा, नाहीतर कॅप ओढताना तोच चिखल तोंडावर पडतो, आणि सगळे हेच करतात. मग कॅप काढायची, तोंड एकदा पुसायचं, फडक्याची स्वच्छ बाजू घेऊन दुसऱ्यांदा पुसायचं, मग फिमेलच्या आतली कड बोटाने फडकं फिरवून, मग स्वच्छ हायड्रॉलिक तेलाचा एक थेंब तोंडावर. हे दोन्ही बाजूंना. चार तोंडं, एका मिनिटाच्या आत काम. आणि जोडलं की काढलेल्या कॅप एकमेकांत घालून ठेवायच्या, मेलची कॅप फिमेलच्या प्लगमध्ये, त्या तशा बसतात. त्या लोंबकळत ठेवल्या तर दिवसभर चिखल आत गोळा करतात आणि संध्याकाळी तीच चिखलाची वाटी तुम्ही स्वच्छ कपलरवर दाबून बसवता. तुमच्या ऑपरेटरने कॅप लावूनही तीन कपलर गेले त्याचं कारण मला तरी हेच वाटतंय. आज संध्याकाळी जाऊन कॅपच्या आत बोट फिरवून बघा.

आता कॅप कुठल्या. रबरी कॅप स्वस्त, पटकन बसते, पण उन्हाने वर्षभरात कडक होते आणि तिची पट्टी तुटते. धातूची टिकते, पण तिच्यात माती गेली तर ती तोंडाला घासते. मी चिखलाच्या साईटला रबरी घेतो आणि वर्षाला बदलतो, कारण रबरी आतून धुता-पुसता येते आणि हरवली तर जीव जळत नाही. पट्टी तुटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधायची. कपलरच्या मापाचीच घ्या, अर्ध्या इंचीवर पाऊण इंची सैल कॅप ही शोभेची कॅप. आणि कॅप नसली की लोक दुधाची पिशवी रबरबँडने बांधतात, एका रात्रीपुरतं ठीक आहे, आठवडाभर नको, आत घाम धरतो आणि कपलरच्या तोंडावर गंज चढतो. कोकणात, खाऱ्या हवेत तर दोन-तीन दिवसांतच लाल डाग दिसायला लागतात, आणि गंजलेलं तोंड ओ-रिंगला कानशीसारखं कापतं.

एक फुकटची युक्ती, जी निम्म्या लोकांना माहीत नसते. बहुतेक अटॅचमेंटच्या दोन होजना एकीला मेल आणि एकीला फिमेल असतो. अटॅचमेंट काढल्यावर त्या दोन्ही होज एकमेकींना जोडून टाकायच्या. झालं, कुलूप. कॅपची गरजच नाही, आत काही जात नाही. मशीनच्या बाजूला हे जमत नाही कारण तिथे कपलर बसवलेला ब्लॉक पक्का असतो, तिथे कॅप लागतेच.

आणि होज जमिनीवर पडू द्यायच्या नाहीत. अटॅचमेंटवर दोन-तीन फूट उंचीवर १० मिलीच्या सळईचा एक हूक वेल्ड करा आणि होज त्यावर टांगा, कपलरचं तोंड खाली राहील अशा. तोंड वर असलं की पावसाचं पाणी कॅपच्या कडेने आत उतरून बसतं. तोंड खाली असलं की उतरूनच जातं. स्वतः अटॅचमेंटही मातीवर टाकू नका, दोन जुने लाकडी ओंडके किंवा पॅलेट टाकून त्यावर ठेवा, म्हणजे वर सांगितलेली खालची फळी आणि भोकं चिखलात रुतणार नाहीत. सोलरच्या साईटवर तर पॅनलच्या पेट्यांच्या पॅलेटचा ढीग पडलेला असतो, ठेकेदाराला विचारून चार उचला.

मशीनच्या बाजूचा ब्लॉक आर्मवर असतो, चाकाने उडवलेला चिखल बरोबर तिथे येतो. त्यावर मी ३ मिलीच्या पत्र्याचं छोटं छप्पर करून देतो, वरून आणि चाकाच्या बाजूने बंद, खालून पूर्ण उघडं, आणि पुढे क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचा एक पडदा. खालून बंद केलं तर ते छप्पर न राहता चिखल साठवायचा डबा होतो, ही चूक एकाने माझ्याच डिझाईनमध्ये "सुधारणा" म्हणून केली होती. शक्यतो बोल्टने बसवा. वेल्ड करायचंच असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थ वेल्डिंगच्या जवळ लावा, अर्थचा करंट पिव्होटच्या पिनांतून किंवा सिलिंडरमधून जाता कामा नये.

तिसऱ्या लाईनबद्दल वेगळं लिहितो कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते. काही अटॅचमेंटना, विशेषतः मोठ्या मोटरवाल्या ट्रेंचर (चर खोदणारा), मल्चर (झुडपं चिरडणारा), कोल्ड प्लॅनर (डांबर खरवडणारा) अशांना, दोन जाड होजबरोबर एक बारीक होज असते, केस ड्रेन. मोटरच्या आत झिरपलेलं तेल तिच्यातून टाकीत परत जातं, प्रेशर जवळजवळ नसतंच. लोकांना ती बिनकामाची वाटते. मराठवाड्यात फायबर केबलच्या चरीचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट, एक ट्रेंचर माझ्याकडे आला, मोटरच्या शाफ्टमधून तेलाची धार. मालक म्हणे सील खराब कंपनीचं होतं. मी सील बदललं, नेलं, दुसऱ्या दिवशी परत हजर, तीच धार. मग मी साईटवर गेलो. केस ड्रेनच्या छोट्या कपलरची कॅप केव्हाच हरवलेली, तोंडात काळी माती गच्च सुकलेली, पोराने तो कसाबसा टेकवून स्लीव्ह ओढून बसवलेला, "क्लिक" झालंच नव्हतं. दोन्ही बाजूचे व्हॉल्व उघडलेच नव्हते, म्हणजे झिरपलेल्या तेलाला बाहेर जायला वाटच नाही, मग ते शाफ्टचं सील फोडून बाहेर येणार नाही तर काय करणार. कपलर काही हजारांचा, मोटर लाखाच्या घरातली. तर केस ड्रेन असेल तर ती सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची, आणि तिची कॅप हरवली तर त्या दिवशी ते अटॅचमेंट चालवायचं नाही. तुमच्या ऑगरला बहुतेक नसेल, पण पुढे ट्रेंचर भाड्याने आणलात तर लक्षात ठेवा.

भाड्यावरून आठवलं, बाहेरून आलेलं अटॅचमेंट जोडताना दुप्पट पुसा. आधीच्या दहा मशीनची घाण त्याच्या होजमध्ये असते आणि पहिल्यांदा ऑक्झिलरी चालू केली की ती तुमच्या मशीनकडे येते. असं अटॅचमेंट महिनाभर वापरलं तर फिल्टर वेळेआधी बदललेला बरा.

अर्धवट जोडणीची लक्षणंही ओळखायला शिका. फिमेलची बाहेरची बांगडी म्हणजे स्लीव्ह, तिच्या खाली बारीक गोळ्या असतात, त्या मेलच्या खाचेत बसतात. स्लीव्हखाली वाळू गेली की ती पूर्ण पुढे येत नाही, कपलर जोडल्यासारखा दिसतो पण आतला व्हॉल्व अर्धाच उघडतो. मग ब्रेकर मंद मारतो, ऑगर लोडला थांबतो, तेल तापतं, आणि मालक पंप बदलायचं एस्टिमेट घेऊन फिरतो. दोन वेळा असं झालंय की पंपासाठी आलेल्या माणसाला मी फक्त कपलर धुऊन परत पाठवलंय. स्लीव्ह बोटाने मागे ओढून सोडली की टक् करून स्वतःहून पुढे यायला हवी. येत नसेल तर डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने फिरवा, स्लीव्ह पंचवीस-तीस वेळा मागेपुढे करा, हवा मारा (चष्मा घालून, वाळू डोळ्यात जाते), पुसा, तेलाचा थेंब सोडा. थिनर किंवा पेट्रोल नको, रबरी सील फुगतात. आणि स्लीव्हवर ग्रीस अजिबात नको, वर सांगितलं तेच कारण.

कपलर जोडला जात नाही म्हणून प्रत्येक वेळी मातीलाच दोष देऊ नका. बऱ्याचदा आत प्रेशर अडकलेलं असतं. ऑगर सकाळी काढून उन्हात ठेवला, दुपारपर्यंत होजमधलं कोंडलेलं तेल तापून फुगलं, की मेलचं नाक दाबलंच जात नाही. अशा वेळी लोक दगडाने, पान्याने ते नाक ठोकतात. ठोकलेल्या तोंडावर खाच पडते, खाच पडली की ते कायमचं गळणार, आणि ठोकताना उडालेलं तेल कातडीत घुसू शकतं. हे मी घाबरवायला लिहीत नाही, प्रेशरचं तेल सुईच्या भोकाएवढी जखम करतं, दुखतही नाही फारसं, आणि आतून हात सडतो. असं झालं तर हळद लावून कामाला लागायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात, आणि डॉक्टरला सांगायचं की हायड्रॉलिक तेल घुसलंय. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. प्रेशर सोडायचं काढण्याआधी: इंजिन बंद, आर्म खाली, आणि तुमच्या मशीनवर ऑक्झिलरीचं प्रेशर सोडायची जी सोय असेल ती करायची, कुठे बटन असतं, कुठे कपलरचा ब्लॉकच आत दाबून धरायचा असतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आणि काढलेलं अटॅचमेंट सावलीत ठेवा. प्रेशर असतानाही जोडता येणारे कपलर मिळतात, महाग आहेत, पण दिवसाला चार वेळा बदलणाऱ्याला परवडतात असं माझं मत.

धुण्याबद्दल दोन वाक्यं. प्रेशर वॉशरने धुताना कॅप लावून किंवा जोडलेलं ठेवून धुवा आणि धार कपलरच्या फटीवर सरळ मारू नका, पाणी आणि रेती सीलच्या मागे जाते. काँक्रीटच्या कामावर मशीन असेल तर मात्र त्याच दिवशी धुतलंच पाहिजे, सिमेंटचा रबडा रात्रभरात दगड होतो, मग खरवडणी काय आणि छिन्नी काय.

ऑपरेटरवर राग काढू नका. त्याला दिवसाचे खड्डे मोजून पैसे मिळत असतील तर तो पुसायला थांबणार नाही, साधी गोष्ट आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने खड्ड्यांच्या हिशोबात प्रत्येक बदलीची दहा मिनिटं वेगळी धरली आणि फडक्यांचा डबा स्वतः आणून दिला, त्याच्या मशीनचे कपलर दोन पावसाळे टिकलेत. तीस-तीस लाखांची मशीन घेणारे मालक स्वच्छ फडकं द्यायला कुरकुरतात हे मला आजवर कळलेलं नाही. आणि हे मशीन काही नाजूक नाही हो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९५७ मध्ये केलर नावाच्या दोन भावांनी पहिलं मशीन बनवलं तेच मुळात एका टर्की पाळणाऱ्याच्या शेडमधली विष्ठा काढायला. जन्मच घाण उपसायला झालाय त्याचा. चिखलात चालवायला घाबरायचं कारण नाही, चिखल होजच्या आत ढकलू नका एवढंच.

आता तुमचं आत्ताचं काम. ते तीन कपलर गेले म्हणता, तेव्हा नवीन फक्त एकच अर्धं बसवलंत का? बसवलं असेल तर उरलेलं जुनं अर्धंच चौथ्याला मारणार आहे. झिजलेला मेल नवीन फिमेलचं सील पंधरा दिवसात खातो, जोडी जोडीने बदलायची. आणि आत्ता कपलरमधून थेंब येत असेल तर तो कुठल्या अर्ध्याचा ते आधी शोधा: ऑगर काढून दोन्ही बाजू पुसा, प्रत्येक तोंडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा आणि अर्धा तास चहाला जा. सुटं असताना गळतो तो अर्धा स्वतःच खराब. सुटं असताना दोन्ही कोरडे आणि जोडल्यावरच गळत असेल तर बहुतेक फिमेलच्या आतली ओ-रिंग आणि तिची टेकणारी रिंग, किट मिळतं, पण मेलच्या नाकावर नखाला लागेल अशी ओरखड असेल तर किटवर पैसे घालवू नका, जोडीच घ्या. परिणाम काय आला ते कळवा, आणि त्या पिनांचा, भोकांच्या बाजूने, एक फोटो पाठवा, भोकं लांबट झालीयत का ते बघतो.